डब्यावरचे वॅट नको, लेबलवरचे अँपिअर वाच

पत्र: मी कोल्हापूरजवळच्या कळंब्यात राहतो, मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा उद्यमनगरात लेथवर काम करतात. त्यांच्या मालकांनी ऑफिसातला जुना ब्रँडेड पीसी आम्हाला दिला. आय५-४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर. त्यावर व्हॅलोरंट अडखळत चालतं, जीटीए ५ सुरू व्हायलाच पाच मिनिटं लागतात आणि कॉलेजचं कॅडचं ड्रॉइंग उघडलं की सगळं गोठतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात काम करून मी ४०,००० रुपये साठवलेत. एक दुकानदार म्हणतो, याच पीसीत सेकंडहँड आरएक्स ५८० ग्राफिक कार्ड टाक, दहा हजारात काम होईल. दुसरा ३२ हजारात काचेचं कॅबिनेट, रंगीत फॅन, ग्राफिक कार्ड असा ‘आय७ गेमिंग पीसी’ देतोय. मित्र म्हणतो, ईएमआयवर लॅपटॉप घे. आणि बाबा म्हणतात, “घरात एक कॉम्प्युटर असताना दुसरा कशाला? तो पण खेळायला?” मी काय करू?
एक वाचक, कळंबा

मित्रा,

या आठवड्यात कुणालाच ॲडव्हान्स देऊ नकोस. दोन्ही दुकानदारांना ‘घरी विचारून सांगतो’ म्हण आणि हे निवांत वाच. रोज संध्याकाळी झेरॉक्स मशिनपाशी उभं राहून जमवलेले पैसे आहेत हे. ते वाया जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून उत्तर जरा लांबलंय.

आधी आरएक्स ५८० चं बघू. कार्ड मुळात वाईट नाही. २०१७ साली आलं तेव्हा बेताच्या पैशात गेम खेळणाऱ्यांचं ते लाडकं कार्ड होतं. पण ते एकटंच १८५ वॅटपर्यंत वीज ओढतं आणि त्याला एसएमपीएसमधून (पीसीच्या सगळ्या पार्टांना वीज पुरवणाऱ्या पेटीतून) आलेली आठ पिनांची वेगळी वायर लागते. ऑफिससाठी बनवलेल्या ब्रँडेड मशिनचा अख्खा एसएमपीएस साधारण अडीचशे ते तीनशे वॅटचा असतो आणि ही वायर त्यात बहुधा नसतेच. बरं, एसएमपीएस बदलू म्हणशील, तर अशा पुष्कळ मशिनांत मदरबोर्डचं कनेक्टर त्या कंपनीचं स्वतःचं असतं, बाजारातला चोवीस पिनांचा एसएमपीएस तिथं थेट बसत नाही. कॅबिनेट पातळ असेल तर कार्ड आत मावणारसुद्धा नाही. म्हणजे दहा हजारांच्या कार्डामागं एसएमपीएस, जोडकेबल, कदाचित दुसरं कॅबिनेट असं करत करत पैसे जात राहतील, आणि जातील कशावर, तर २०१३ सालच्या प्रोसेसरवर. चार कोर, चार थ्रेड, डीडीआर३ रॅम. त्या मशिनला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच लागते. आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या घराचा पायाच खचलाय त्याला नवा स्लॅब घालण्यातला हा प्रकार आहे.

सेकंडहँड आरएक्स ५८० बद्दल आणखी एक गोष्ट, कारण हे कार्ड आजही राजारामपुरीपासून ऑनलाइन जाहिरातींपर्यंत सगळीकडं दिसतं. यातली पुष्कळ कार्डं रात्रंदिवस इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला, म्हणजे ते चलन कमवायच्या आकडेमोडीला, जुंपलेली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमची पद्धत बदलली, ग्राफिक कार्डांचं ते काम एका दिवसात संपलं आणि ढिगानं कार्डं जुन्या बाजारात आली. त्यातच ५८० च्याच नावाखाली दोन वेगळी कार्डं फिरतात. अस्सल कार्डात २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे गणक) असतात, दुसऱ्यात २०४८. बाहेरून डबा सारखाच. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर उघडलं की आकडा समोर दिसतो. कुणाचंही जुनं कार्ड घेताना दुकानातच हे उघडून बघायचं, नंतर निदान अर्धा तास गेम चालवून फॅनचा आवाज ऐकायचा. विकणारा ‘घरी नेऊन बघा’ म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

आता तो ‘आय७’. हा शब्द आपल्याकडं सोन्याच्या हॉलमार्कसारखा वापरला जातो, आणि त्यानंच पोरं फसतात. आय७ म्हणजे प्रोसेसरची फक्त जात झाली. वय त्याच्या पुढच्या आकड्यात असतं. आय७-२६०० म्हणजे दुसरी पिढी, २०११ साल. आय७-३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ साल. ऑफिसांतून भंगारात निघालेले हे प्रोसेसर, त्यांच्यासाठी नव्यानं बनवलेले एच६१ बोर्ड आणि डीडीआर३ रॅम काचेच्या कॅबिनेटात घालून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकतात. २०२२ सालचा साधा आय३-१२१०० अशा आय७ ला सहज मागं टाकतो. तुझ्या घरातला चौथ्या पिढीचा आय५ सुद्धा वयानं त्याच्यापेक्षा लहान आहे. त्या दुकानदाराला कागदावर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून माग: प्रोसेसरचा आकडा, बोर्डाचं नाव, रॅम डीडीआर किती, ग्राफिक कार्डाचं मॉडेल, एसएमपीएसची कंपनी. सरळ माणूस दोन मिनिटांत लिहून देईल. जो देत नाही त्यानं न बोलता उत्तर दिलेलं असतं.

लॅपटॉपचं थोडक्यात सांगतो. तू घरी राहून शिकतोस, त्यामुळं उचलून न्यायची गरज नाही. लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड पुढं बदलता येत नाही आणि ‘नो कॉस्ट’ म्हटलेल्या ईएमआयवरही प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी भरावा लागतो. दोन वर्षं राबून तू रोख जमवलीस, आता पुढची दोन वर्षं हप्त्यात अडकू नकोस.

माझं म्हणणं एवढंच आहे. चाळीस हजारांत सगळं नवं आणि त्यासोबत दमदार ग्राफिक कार्ड, असं एकाच वेळी नीट बसत नाही. बसवायला गेलं की दुकानदार कुठंतरी काटतो आणि बहुतेक वेळा तो एसएमपीएस काटतो. म्हणून पीसी दोन टप्प्यांत घे. पहिल्या टप्प्यात पाया पक्का आणि आजपासून खेळता येईल एवढं. दुसऱ्या टप्प्यात, सहा-आठ महिन्यांनी, फक्त एक पार्ट वाढवायचा: ग्राफिक कार्ड. तेव्हा आधीचं काहीही फेकावं लागता कामा नये. प्रत्येक पार्ट घेताना हीच एक कसोटी लाव.

त्या हिशेबानं मी तुला एएमडी कंपनीचा, एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) रायझन ५ ५६००जी सुचवतो. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॅटचा प्रोसेसर, आणि मुख्य म्हणजे आतच बऱ्यापैकी ग्राफिक्स. वेगळं कार्ड नसतानाही व्हॅलोरंट त्यावर छान पळतं, जीटीए ५ मध्यम सेटिंगवर खेळता येतं. कॅडलाही तुझ्या कॉलेजच्या ड्रॉइंगांपुरता तो पुरेसा आहे. साधा रायझन ५ ५६०० गेमसाठी याच्यापेक्षा सरस आहे, त्याचा एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी, याचा १६. पण त्याच्यात ग्राफिक्सच नाहीत, कार्ड येईपर्यंत स्क्रीन काळी राहील. तुझी अडचण बघता ही तडजोड मला पटते.

कुणी म्हणेल, एएम४ जुना सॉकेट आहे, एएम५ घे. खरं आहे, एएम४ वर रायझन २०१७ साली आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये एएम५ आला. पण एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की बजेटवाल्यांची पंचाईत झाली. एआयच्या डेटा सेंटरांना अफाट मेमरी लागते, कारखान्यांनी माल तिकडं वळवला आणि आपल्यासारख्यांच्या ताटातला घास लहान झाला. डीडीआर४ ही महागली, पण ती जुनी मिळते आणि जुनी रॅम घ्यायला मी अजिबात घाबरत नाही. तिच्यात फिरणारं काही नसतं, झिजणारं काही नसतं. चालते तर चालते, नाहीतर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावला की सकाळी खोट उघडी पडते. जुना प्रोसेसरही तसाच भरवशाचा, फक्त एएम४ च्या प्रोसेसरला पिना खालच्या बाजूला असतात, त्यातली एखादी वाकली नाही ना ते उजेडात धरून बघायचं. एसएसडी जुनी घेतलीस तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत बघून. आणि जुना एसएमपीएस कधीच नाही, फुकट दिला तरी नाही.

रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या घे, १६ ची एक घेऊ नकोस. या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधलीच वापरतो, त्यामुळं दोन पट्ट्यांचा दुहेरी रस्ता त्याला जिवाभावाचा. एका पट्टीवर तोच पीसी धापा टाकतो. चार खाच असलेल्या बोर्डावर पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घालायच्या. ३२०० ची रॅम घेतलीस तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगानं पळवायची सोय, चालू करेपर्यंत ती बहुतेकदा त्याहून कमी वेगानं चालत राहते. कितीतरी पोरांचे पीसी वर्षानुवर्षं तसेच चालतात आणि त्यांना पत्ताच नसतो. बोर्ड बी४५० किंवा बी५५० चा चालेल. बी४५० जुन्या साठ्यातला असेल तर त्याचा बायोस या प्रोसेसरला ओळखत नसू शकतो, म्हणून दुकानातच अपडेट करून घे आणि समोर एकदा चालू करून बघ. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बोर्डावर स्क्रूनं बसेल. तुझी ५०० जीबीची हार्ड डिस्क जोडून ठेव, सिनेमे-फोटोंना उपयोगी पडेल. कॅबिनेट साधं, समोर जाळी असलेलं. काचेपेक्षा हवा महत्त्वाची. त्याला तीन हजारांच्या वर घालू नकोस.

आता एसएमपीएस. इथं मी थांबणार आहे, कारण याचा घाव मी सोसलाय.

२००६ साली मी माझा पहिला पीसी जोडला तेव्हा सगळे पैसे प्रोसेसर आणि मॉनिटरमध्ये घातले आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस तसाच ठेवला. दुकानदार म्हणाला होता, “४५० वॅटचा आहे, बिनधास्त वापरा.” जुलैची संध्याकाळ, बाहेर पाऊस. लाइट दोनदा आली-गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मागून ‘फट्’ आवाज झाला आणि खोलीत जळका वास भरला. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. त्या हार्ड डिस्कमध्ये माझ्या आजोबांचे शेवटचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती. दुकानदारानं ‘लाइटीमुळं झालं, वॉरंटी नाही’ म्हणून हात वर केले. पुढं मी तो एसएमपीएस उघडला. आत निम्म्या जागा रिकाम्या होत्या. बोर्डावर पार्टांची चित्रं छापलेली होती, पार्ट बसवलेलेच नव्हते.

म्हणून तुला एक काम देतो. घरातला किंवा मित्राचा कुठलाही एसएमपीएस घे आणि त्याच्या कुशीवरचं लेबल वाच. डब्यावर ‘५०० वॅट’ मोठ्या अक्षरात असेल, तिकडं लक्ष देऊ नकोस. लेबलवरच्या तक्त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट असे रकाने असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोघंही १२ व्होल्टच्या लाइनीवर जगतात. तिथं खाली १६ अँपिअर लिहिलं असेल तर बारा गुणिले सोळा, १९२ वॅट झाले. डब्यावर पाचशे आणि कामाचे १९२. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ५४० वॅट. हा गुणाकार बाबांना करून दाखव. मोटारीच्या नेमप्लेटवर काय वाचायचं हे लेथवरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. पाच हॉर्सपॉवरची पाटी लावलेली दोन हॉर्सपॉवरची मोटार म्हटलं की ते पुढचं तुलाच समजावून सांगतील.

तुझ्या पूर्ण झालेल्या पीसीचा, म्हणजे ग्राफिक कार्ड घातल्यावरचा हिशेबही मांडतो. प्रोसेसर भरात असताना नव्वदच्या आत, आरएक्स ६६०० सारखं कार्ड १३२, बाकी बोर्ड, रॅम, फॅन, डिस्क मिळून पन्नास. पावणेतीनशे वॅट. ५५० वॅटचा ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस याला पुरून उरतो. मात्र ८० प्लसचा शिक्का विजेची बचत किती एवढंच सांगतो, बाकी दर्जाची हमी त्यात येत नाही. म्हणून नावाजलेली कंपनी आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला बघ. चार हजार रुपये यासाठी बाजूला काढ आणि कुणी काही म्हटलं तरी त्याला हात लावू नकोस.

दुसऱ्या टप्प्यातलं कार्ड ८ जीबीचं असू दे, आरएक्स ६६०० किंवा त्या वर्गातलं, त्या वेळी जे चांगल्या भावात मिळेल ते. एक इशारा: आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसेल, ते टाळ. त्याला बोर्डाशी बोलायला चारच लेन आहेत आणि ५६००जी पीसीआयई ३.० चाच, म्हणजे कार्डाशी जोडणाऱ्या रस्त्याच्या जुन्या पिढीचा, प्रोसेसर आहे, त्यामुळं आधीच अरुंद रस्ता निम्म्या वेगाचा होतो. ६६०० ला आठ लेन आहेत, त्याला या प्रोसेसरवर फारसा त्रास होत नाही. पुढं कधी वाटलंच तर याच बोर्डावर आठ कोरचा ५७००एक्स बसतो. तोपर्यंत नोकरीला लागलेला असशील.

मॉनिटर आत्ता बदलू नकोस. साडेअठरा इंचाचा म्हणजे तो बहुधा १३६६ बाय ७६८ चा आहे, फुल एचडीच्या जवळपास निम्मेच ठिपके. आतल्या ग्राफिक्सला तेवढंच ओझं कमी, गेम जास्त पळेल. मॉनिटर कार्डासोबत किंवा कार्डानंतर बघू.

आता घरातली वीज. हा विषय गेमिंगच्या गप्पांत कुणी काढत नाही, आणि आपल्या भागात पार्ट जळतात ते पुष्कळदा यामुळंच. तुझ्या आत्ताच्या पीसीच्या कॅबिनेटला, जिथं रंग उडून पत्रा दिसतो तिथं, कधी अनवाणी उभं राहून हात लागल्यावर झिणझिण्या आल्यात का? आल्या असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून आणि एक न्यूट्रलपासून, दोन्ही कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असेल तर तिथला बारीकसा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास ताण उभा राहतो. करंट अगदी थोडा असल्यानं माणसाला सहसा इजा होत नाही, पण त्या पत्र्याला लागून तू पेनड्राइव्ह, हेडफोन, एचडीएमआय लावत असतोस, आणि पोर्ट जातात ते असे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन तोडून दोन पिनांत घुसवायची सवय घराघरांत आहे. ती आधी बंद. वायरमनकडून मल्टिमीटरनं मोजून घे: फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट. तिसरा आकडा मोठा आला किंवा दुसरा आलाच नाही, तर पीसीआधी अर्थिंगचा खर्च. तो तुझ्या चाळीस हजारांतून करू नकोस, घराचा खर्च म्हणून बाबांशी बोल. फ्रिज आणि गिझरलाही तीच लागते.

यूपीएस पहिल्या दिवशी नसला तरी चालेल, पण यादीत ठेव. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. लाइट गेल्यावर गेम चालू ठेवायला तो नसतो, ड्रॉइंग सेव्ह करून दोन मिनिटांत पीसी बंद करण्यासाठी असतो.

पीसी जमिनीवर ठेवू नकोस. कळंब्यात पुराचा प्रश्न नाही, पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर शाहूपुरीतून, जयंती नाल्याच्या काठावरून माझ्याकडं आलेले पीसी मी उघडलेत. गाळानं भरलेली कॅबिनेटं, आणि शेजारी उभं राहून ‘फोटो तरी मिळतील का’ विचारणारी माणसं. टेबलावर ठेवलेले पुष्कळ वाचले होते. पावसाळ्यात पीसी दिवसाआड तरी तासभर चालू कर, आतली उष्णता दमटपणा घालवते. मागच्या बाजूला रिकाम्या स्लॉटची पत्र्याची पट्टी काढलेली असेल तर ती लाव, नाहीतर पाल आत जाते. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. उबेला आत गेलेली पाल एसएमपीएसमध्ये शॉर्ट होऊन बोर्ड गेल्याचं मी दोनदा पाहिलंय.

आणि वर्कशॉपमध्ये हा पीसी जोडू नका. बाबांना वाटेल की तिथं टेबल आहे, उजेड आहे, स्क्रू-ड्रायव्हर आहेत. पण बीडाचा (ओतीव लोखंडाचा) काळा भुगा तिथल्या हवेत असतो आणि तो वीज वाहून नेतो. मदरबोर्डाच्या दोन पिनांमध्ये त्याचा एक कण पुरतो. घरी जोडा, आणि बाबांनी कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलून बसायचं.

‘बाबांनी’ असं मी मुद्दाम लिहिलं. त्यांच्या प्रश्नाला पत्रातून उत्तर द्यायची माझी पात्रता नाही. दिवसभर मशिनपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला चाळीस हजार म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण तू त्यांना ‘खेळायला पाहिजे’ एवढंच सांगितलंस असं मला वाटतं. कॅडचं ड्रॉइंग उघडताना जुना पीसी कसा गोठतो ते एकदा त्यांच्यासमोर उघडून दाखव. ज्या जॉबचं ड्रॉइंग ते रोज हातात धरतात, तसं तू काढतोयस हे त्यांनी बघू दे. खेळायचंही आहे हे लपवू नकोस. किती वाजेपर्यंत खेळणार ते आधी तूच सांग आणि पाळ. जुना पीसी टाकू नकोस, त्याच्यात छोटी एसएसडी आणि लिनक्स घातलं तर घरच्या हिशेबाला आणि पत्रं टाइप करायला तो अजून चार वर्षं चालेल. मालकांनी दिलेली वस्तू पोरानं भंगारात काढली असं बाबांना वाटायला नको.

जोडायचा दिवस रविवार ठेवा. जेवणाच्या टेबलावर मदरबोर्डाचा पुठ्ठ्याचा डबा पालथा घाला, त्यावर बोर्ड. आधी कॅबिनेटच्या बाहेरच सगळं जोडून बघायचं, हा माझा नियम आहे. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवरही. लिव्हर उभी करायची, त्रिकोणाला त्रिकोण लावायचा आणि प्रोसेसर आपल्या वजनानं खाली बसू द्यायचा. दाबायचा नाही. जोर लावावासा वाटला तर काहीतरी चुकतंय. मग लिव्हर खाली, कूलर बसवायचा, फॅनची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी. रॅमच्या पट्ट्या दोन्ही टोकांना ‘टक्’ वाजेपर्यंत. चोवीस पिनांची वायर आणि प्रोसेसरजवळची आठ पिनांची वायर. ही दुसरी विसरली की पीसी चालू होत नाही आणि माणूस दिवसभर घाबरत बसतो. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं क्षणभर जोडल्या की फॅन फिरायला लागतो. ते टोक बाबांच्या हातात दे. मायक्रोमीटर धरणाऱ्या हाताला दोन पिनांत टोक टेकवणं अवघड नाही.

स्क्रीनवर बायोस दिसलं, रॅम १६ जीबी दाखवली, की बंद करून कॅबिनेटात. बोर्डाखाली पितळी खुंट्या जेवढी बोर्डाला भोकं आहेत तेवढ्याच आणि त्याच जागी. एखादी खुंटी भलत्या ठिकाणी राहिली तर बोर्डाच्या पाठीला शॉर्ट करते. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्हवर उतरवून स्वतः घाल. दुकानातून क्रॅक केलेलं विंडोज भरून घेऊ नकोस, त्यासोबत काय काय येतं ते नंतर बँकेच्या ॲपमधून कळतं. घालताना बायोस यूईएफआय या नव्या मोडमध्ये ठेव, टीपीएम आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्याच सुरक्षेच्या दोन सेटिंग) चालू. विंडोज ११ वर व्हॅलोरंट या दोन्हीशिवाय सुरूच होत नाही, आणि जुन्या पद्धतीनं विंडोज घातलं असेल तर सिक्युअर बूट चालू करता येत नाही.

प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल घे आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घे. ‘बिलाशिवाय कमी करतो’ म्हणणाऱ्याकडून वाचलेले पैसे वॉरंटीच्या वेळी दामदुपटीनं जातात. पार्ट बिघडला तर दुकानदार पाठवणार की तुला स्वतः कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावा लागणार, ते पैसे देण्याआधी विचार. पुण्यात भाव थोडे कमी मिळतील, पण शे-दोनशे रुपयांसाठी जाऊ नकोस. बिघडलेला बोर्ड घेऊन एसटीनं पुन्हा पुणं गाठावं लागलं की तो फायदा तिकिटातच संपतो.

बाजारात जाण्याआधी आज रात्री एक गोष्ट बघून ठेव: जुन्या मॉनिटरच्या मागचं कनेक्टर. निळं, पंधरा पिनांचं असेल आणि एचडीएमआय नसेल, तर बोर्ड घेताना मागं तसंच निळं पोर्ट असलेला माग. नाहीतर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर यादीत लिही. पुढं ग्राफिक कार्ड येईल त्याला निळं पोर्ट नसणारच, तेव्हा तोच कन्व्हर्टर कामाला येईल. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल बोर्डातून काढून कार्डात लावायची, हे कार्डाच्या डब्यावर पेननं लिहून ठेव.